तेरा मुलं, चार इयत्ता आणि बावीस तक्ते

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी माझ्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी आली तेव्हा तिच्या काखेत तक्त्यांची जाडजूड गुंडाळी होती. मुळाक्षरं, बाराखडी, फळं, फुलं, वाहनं, सात वारांची आगगाडी. मोजले तर बावीस भरले. सगळे हातानं रंगवलेले. प्राथमिक शिक्षकाच्या प्रशिक्षणाची, डी.एल.एड.ची, दोन वर्षं संपवून सरकारी प्राथमिक शाळेतली पहिली नेमणूक तिला मिळाली होती आणि शाळा सुरू व्हायला साडेतीन आठवडे उरले होते. चौथीत ती माझ्या वर्गात होती, त्यामुळे मला अजून 'बाई'च म्हणते.

"काय गो, हे सगळं लावणार कुठं?"

"वर्गात, बाई."

"वर्ग पाहिलास?"

पाहिला नव्हता. शाळेत मुलं किती, हेही ठाऊक नव्हतं. वार्षिक नियोजन मात्र तयार होतं, पहिलीच्या तीस मुलांचं, जूनपासून एप्रिलपर्यंत, आठवड्यागणिक. तिचे सराव पाठ झाले ती शहरातली शाळा, एका इयत्तेला एक खोली आणि एक शिक्षक असलेली. तयारी तिनं त्याच शाळेसाठी केली होती. नेमणूक झाली ती वेगळ्याच शाळेत.

पुढचे साडेतीन आठवडे आणि त्यानंतर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीपर्यंतचे पावणेतीन महिने मी जवळून पाहिले. ते तिच्या संमतीनं लिहिते आहे. गाव, शाळा आणि माणसं यांची नावं देत नाही.

शाळा

सत्तरी तालुक्यातलं, होंडा ते वाळपई या पट्ट्यातलं गाव. पिसुर्ल्याची औद्योगिक वसाहत फार लांब नाही. चिऱ्याची इमारत, वर मंगळुरी कौलं, पुढे पत्र्याचा सोपा. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना गोव्यात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतलीच ही एक. एके काळी इथं बाकांवर दाटीवाटीनं पोरं बसत. आता पटावर तेरा : पहिलीत चार, दुसरीत तीन, तिसरीत दोन, चौथीत चार.

शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे तेरांना दोन हे कागदावर चैनीचं वाटेल. त्यातले एक प्रभारी मुख्याध्यापक. त्यांच्याकडे तिसरी-चौथी, शिवाय जनरल रजिस्टर, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन भरायची माहिती, बैठका. ते बैठकीला गेले की चारही इयत्ता नव्या बाईच्या पदरात. असे दिवस महिन्याला तीन-चार तरी येतात. माझ्या नोकरीत असे महिने होते की बैठका जास्त आणि शाळा कमी.

मी तिला पहिल्या दिवशी करायला लावलेली एकच गोष्ट म्हणजे हिशेब. कायदा पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगतो. म्हणजे दिवसाला चार तास. दोन इयत्ता एका खोलीत, म्हणजे पहिलीच्या वाट्याला बाई थेट येणार ती दोन तास. मुख्याध्यापक नसतील त्या दिवशी एक तास. उरलेला वेळ मुलं काय करणार? तिच्या वार्षिक नियोजनात या उरलेल्या वेळेसाठी एकही ओळ नव्हती. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसली. मग नियोजनाची वही मिटून पिशवीत घातली आणि म्हणाली, "शाळा बघून येऊया का, बाई?"

कुलूप उघडल्यावर

मुख्याध्यापकांनी किल्ली आणून दिली. माणूस भला, थोडा दमलेला. त्या वर्षी, म्हणजे २०२५ला, पाऊस मे महिन्यातच उतरला होता. त्याचा आम्हाला फायदा झाला, गळती समोरच दिसली. फळ्याच्या डाव्या बाजूला भिंतीवर ओल होती आणि बरोबर तिथंच तिला मुळाक्षरांचा तक्ता लावायचा होता. कोरड्या भिंती दोन, त्यातली एक खिडक्यांची. तक्ते लागतील असे सात. बाकीचे पंधरा तिनं परत नेले. मी काही बोलले नाही, कारण असे तक्ते मीही पलंगाखाली वर्षानुवर्षं ठेवले आहेत.

कपाटात उघडून पाहिलं तर आधीच्या बाईंनी ठेवलेला खजिना होता : शब्दपट्ट्या, जुनी चित्रकार्डं, आणि काजूच्या बियांनी भरलेला डबा, मोजणीसाठी. गोव्यात मे महिन्यात काजूच्या बिया प्रत्येक पोराच्या खिशात असतात, खेळायला त्याच, मोजायलाही त्याच. तरी तो डबा मी बाजूला ठेवायला लावला. पहिलीची पोरं हातात येईल ते तोंडात घालतात आणि कच्च्या बीच्या सालातलं तेल ओठ-जीभ भाजून काढतं. माझ्या वर्गात एकदा हे घडलं आहे. त्या जागी चिंचोके आले. धुऊन, वाळवून, शंभराच्या पुड्या बांधून. हे काम तिच्या आजीनं केलं.

पाण्याची टाकी, शौचालयाची कडी, विजेचं बटण, पोषण आहार कुठं वाढतात, भाजी-पाव आणणाऱ्या स्वयंसाहाय्य गटातल्या बायका किती वाजता येतात, हे सगळं तिनं त्या दिवशी लिहून घेतलं. यात सांगण्यासारखं विशेष काही नाही, पण पहिल्या आठवड्यात तिला कुणाला काही विचारत फिरावं लागलं नाही.

अंगणवाडीतली यादी

खरी तयारी अंगणवाडीत झाली. पहिलीत येणारी चारही मुलं तिथली. ताईंनी पंख्याखाली बसवलं, चहा दिला आणि एकेका मुलाचं सगळं सांगितलं. कोण सकाळी रडतं, कुणाला चष्मा लागणार असं वाटतं, कुणाला आजोबा पोचवतात. मी तिला एका मुलाला एक पान अशी वही करायला सांगितली होती. वर कागदावरचं नाव, खाली घरात हाक मारतात ते नाव, कोण सोडायला येणार, घरी कोणती भाषा.

त्या शेवटच्या रकान्यावर आम्ही दोघी अडखळलो. चौघांत दोघं गावातली, म्हणजे घरात सत्तरीची कोंकणी. एक मुलगा उत्तर प्रदेशातल्या कुटुंबातला, बाप कारखान्यात. एक मुलगी ठेकेदाराकडे काम करणाऱ्या जोडप्याची, हिचा मोठा भाऊ तिसरीत. तिच्यापुढे ताईंनी लिहिलं, 'कानडी'. दुसरीतही एक कानडी मुलगा होता. म्हणजे मराठी शाळेच्या पहिलीत चार मुलं, आणि घरात मराठी बोलणारं एकही नाही.

हे वाचून बाहेरच्या माणसाला नवल वाटेल, पण सत्तरीत हे जुनंच आहे. गावातलं पोर घरात 'माका उदक जाय' (मला पाणी हवं) म्हणतं आणि त्याच संध्याकाळी देवळात मराठी अभंग ठेका चुकू न देता म्हणतं. नाटक मराठी, आरत्या मराठी, कीर्तन मराठी. त्या पोराच्या कानात मराठी आधीपासून असते, जिभेवर यायची तेवढी बाकी असते. मराठी की कोंकणी हा वाद इथं मोठी माणसं वर्षानुवर्षं घालताहेत. त्यात मी पडत नाही. सहा वर्षांच्या मुलाचा प्रश्न एवढाच असतो की मला तहान लागली हे बाईला कळेल का.

बाहेरून आलेल्या मुलांच्या कानात ती आरतीची मराठीही नसते. म्हणून तिनं त्यांच्यासाठी वेगळी तयारी केली. एका ओळखीच्या दुकानदाराकडून तिनं कानडीतले वीसेक शब्द लिहून घेतले. बा म्हणजे ये, नीरु म्हणजे पाणी, ऊट म्हणजे जेवण, साकु म्हणजे पुरे, होट्टे नोवु म्हणजे पोट दुखतंय. बसमध्ये पाठ करायची. कदंबच्या होंड्याच्या गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं म्हणे, हुबळीला दिलं काय तुला?

चार तासांची वाटणी

वेळापत्रकावर आम्ही चार संध्याकाळी घालवल्या. तिचा आग्रह, विषयवार तासिका हव्यात. माझं म्हणणं, दोन इयत्तांच्या खोलीत विषयाआधी कोण कुणाबरोबर आहे ते ठरव. शेवटी तिनंच कार्डबोर्डाच्या तीन रंगांच्या पट्ट्या कापल्या : लाल म्हणजे बाईंसोबत, पिवळी म्हणजे जोडीनं, हिरवी म्हणजे एकट्यानं. वीस-वीस मिनिटांचे तुकडे, आणि पहिलीची लाल पट्टी असेल तेव्हा दुसरीची लाल कधीच नाही. एवढा एक नियम पाळायला गेलं की समजतं, बाईचा खरा गृहपाठ हिरव्या पट्टीचा आहे. सहा वर्षांचं मूल वीस मिनिटं एकट्यानं काय करेल, याचं उत्तर प्रशिक्षणात कुणी विचारत नाही. तिनं ते डब्यात शोधलं. मण्यांची माळ क्रमानं ओवणं, चित्रांच्या जोड्या, पाटीवर रेघा, चिंचोक्यांचे दहा-दहांचे ढीग.

मुख्याध्यापक नसतील त्या दिवसांसाठी एक वेगळा पत्र्याचा डबा भरून ठेवला. त्यात चारही इयत्तांना पुरेल असं तयार काम. त्यावर तिनं 'मीटिंग' असं लिहिलं. मुलांना वाटायचं, त्या डब्याचंच नाव मीटिंग आहे.

सहावी ते दहावीचे वर्ग त्या वर्षी एप्रिलमध्येच भरले होते, प्राथमिक मात्र जूनवरच राहिली. त्यामुळे तिला मे महिना मिळाला. याला मी नशीब म्हणते. नेमणुकीचा कागद हातात पडला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहावं लागलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

पहिले दहा दिवस

पहिल्या दहा दिवसांत एकही अक्षर शिकवायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. पहिलीसाठी राष्ट्रीय पातळीवर 'विद्या प्रवेश' नावाचा बारा आठवड्यांचा खेळांवर आधारलेला कार्यक्रम २०२१ साली आला, त्याचाही रोख हाच आहे. मुख्याध्यापकांना ते फारसं पटलं नाही. पालक पाटी बघतात, म्हणाले. पाटी कोरी दिसली की समोरच्या गावातल्या इंग्रजी शाळेची गाडी डोळ्यांपुढे येते. त्यांचं चूक नव्हतं. तेरांतली दोन पोरं गेली तर अकरा उरतात, आणि शाळा बंद करून दुसऱ्या शाळेत मिसळण्याची भाषा आकड्यांवरूनच सुरू होते. तोडगा तिनंच काढला. पाटीवर अक्षरं नसली तरी रोज काहीतरी असेल. रेघा, गोल, पावसाचे थेंब, आंबा, आणि वर मुलाचं नाव बाईनं लिहिलेलं. घरी पाटी भरलेली जायची.

पावसानं मात्र सगळ्यांची परीक्षा घेतली. सत्तरीतला जूनचा पाऊस पत्र्याच्या सोप्यावर पडू लागला की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही. तिसऱ्या आठवड्यात तिचा आवाज पूर्ण बसला. हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. प्रत्येक नव्या शिक्षकाचा पहिल्या पावसात आवाज जातो आणि प्रत्येक जुना शिक्षक ते सांगायला विसरतो. चार दिवस ती खुणांनी शिकवत होती. मग घरून भजनाचा टाळ घेऊन आली. एक ठोका म्हणजे माझ्याकडे बघा, दोन म्हणजे पट्टी बदला, तीन म्हणजे गोलात या. आवाज परत आल्यावरही टाळ राहिला. सोप्यात पाव वाढणाऱ्या बायकाही तीन ठोके ऐकले की पातेलं उचलतात.

'कानडी' मुलगी

आता या प्रकरणातला कळीचा भाग.

ठेकेदाराकडच्या जोडप्याची ती मुलगी आठ दिवस एक शब्द बोलली नाही. बाईनं 'बा' म्हटलं, नुसती बघत राहिली. 'नीरु' म्हटलं, तरी तेच. दुसरीतला कानडी मुलगा मात्र खूश, बाई आपली भाषा बोलते म्हणून तो दर पाच मिनिटांनी काहीतरी सांगायला यायचा. मुलीच्या पानावर नव्या बाईनं लिहिलं, 'ऐकू येतं का ते तपासावं'. पुढे एक प्रश्नचिन्ह.

मधल्या काळात सोपा मार्ग हाताशी होता, तिचा भाऊ. तिसरीतला, दोन वर्षांत मराठी छान बोलायला लागलेला. बाई त्याला हाक मारायची, तो येऊन बहिणीला सांगायचा. दिवसातून दहा-बारा वेळा. मी एकदा भेट द्यायला गेले तेव्हा पाहिलं, त्या पोराची गणिताची वही अर्धी कोरी होती. मुख्याध्यापकांच्या तासातून तो सारखा उठत होता. बहिणीची पहिली चालावी म्हणून त्याची तिसरी बुडत होती. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवसापासून त्याचं दुभाषेपण परिपाठाच्या दहा मिनिटांपुरतं ठेवलं.

उलगडा झाला तो दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. आई शाळेच्या फाटकाशी आली आणि मुलगी 'याडी' अशी हाक मारत धावली. रात्री मला फोन आला. "बाई, याडी म्हणजे कानडीत काय?" कानडीत काही नाही. याडी म्हणजे आई, लमाणी बोलीत. रस्त्याच्या कामावर आलेली लमाणी पोरं माझ्या वर्गात होती, त्यामुळे तो शब्द मला माहीत. कर्नाटकातून आलेलं कुटुंब म्हणून ताईंनी 'कानडी' लिहिलं, बाप बाजारात कानडीच बोलतो, आणि आम्ही दोघींनीही ते खरं मानलं. लमाणी ही राजस्थानी बोलींच्या गोतातली. पाण्याला ती लोकं पाणीच म्हणतात.

म्हणजे बघा कसं झालं. तिला ठाऊक असलेला 'पाणी' हा मराठी शब्द बाजूला ठेवून आम्ही तिच्याशी परक्या भाषेत 'नीरु' म्हणत होतो. आणि ज्याची मराठी पक्की धरून चाललो होतो त्या गावातल्या पोराला 'उदक'पासून 'पाणी'पर्यंत यायचं होतं. दुसऱ्या दिवशी बाईनं तांब्या पुढे धरून नुसतं 'पाणी' म्हटलं. मुलीनं मान हलवली, तांब्या घेतला. बोलली नाही. बोलायला आणखी पाच दिवस लागले, आणि पहिला शब्द निघाला तो भाजी-पावाच्या रांगेत, 'अजून'.

त्या तांब्यावरूनच भिंतीवर एक नवा तक्ता आला, रोज वाढणारा. वस्तूचं चित्र, खाली मराठी शब्द, आणि त्याच्या खाली मुलांनी सांगितलेले घरचे शब्द. पाणी, उदक, नीरु, पानी. मांजर, माजर, बेक्कु, बिल्ली. बावीस रंगवलेल्या तक्त्यांपेक्षा हा वेडावाकडा तक्ता जास्त वाचला गेला.

इथं माझी एक जुनी चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी 'उदक' म्हणणाऱ्या पोराला 'पाणी म्हण' असं लगेच टोकायची. एकदा तर एका मुलाला दारात उभं केलं होतं. तेव्हा ती शिस्त वाटायची. खरं म्हणजे उदक हा आपल्याच जुन्या मराठीतला शब्द, घरोघर उदकशांत करणारे आपणच. या नव्या बाईनं एकदाही कुणाला टोकलं नाही. पोर 'उदक' म्हणालं की ती म्हणायची, "पाणी हवं ना? घे." एवढंच. महिन्याभरात पोर दोन्ही बोलायला लागलं. सुरुवातीला मला ते ढिलं वाटलं होतं.

पंचवीस आणि बावन्न

दुसरीतला कानडी मुलगा हुशार, पण पंचवीस सांगितलं की ५२ लिहायचा. नव्या बाईला आधी वाटलं, अंक उलटे दिसतात की काय. मग लक्षात आलं. कानडीत पंचवीसला इप्पत्तैदु म्हणतात, आधी वीस मग पाच. जसं ऐकावं तसं लिहावं. मराठीत आधी पाच ऐकू येतात, मग वीस. तो ऐकेल त्याच क्रमानं लिहीत होता, म्हणजे त्याच्या परीनं बरोबरच. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली तेव्हा किती गदारोळ झाला होता! मी तेव्हा विरोध करणाऱ्यांत होते, आणि मराठी संख्यानावं बदलावीत असं मला अजूनही वाटत नाही. पण त्या पोराला समजावताना बाईनं तोच पूल वापरला. दहांच्या दोन पुड्या चिंचोके आणि पाच सुटे. आधी पुड्या लिही, मग सुटे लिही, आणि मग वाच 'पंचवीस'. एकोणतीस, एकोणचाळीसपाशी तो अजून अडतो. तिथं तर आपलीही पोरं अडतात.

त्याच मुलाच्या तोंडी 'घर'चं 'गर' आणि 'भात'चं 'बात' व्हायचं. कानडीच्या रोजच्या बोलण्यात महाप्राण, म्हणजे घ, भ असे जोरानं श्वास सोडून म्हणायचे वर्ण, फारसे ऐकू येत नाहीत. यावर तिनं मेणबत्तीचा खेळ केला, 'घ' म्हणताना ज्योत हलली पाहिजे. पावसाळी वाऱ्यात ज्योत कुणी काही न म्हणताही हलायची, त्यामुळे मेणबत्तीची जागा कागदाच्या कपट्यानं घेतली.

टाचण आणि तपासणी

जुलैत भागशिक्षणाधिकारी आले. तिच्या टाचणवहीत दोन रकाने होते, 'ठरवलं' आणि 'झालं'. दुसरा रकाना पाठ्यपुस्तकाच्या तीन आठवडे मागे होता. मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी तिला सुचवलं होतं, 'झालं' हा रकाना झाकून ठेव. तिनं तो झाकला नाही. यावर आमचं थोडं वाजलंसुद्धा. माझं मत मुख्याध्यापकांच्या बाजूला झुकत होतं, पहिल्याच वर्षी कशाला नजरेत यायचं?

अधिकाऱ्यांनी वही पाहिली, पहिलीच्या मुलांना अक्षरं किती येतात विचारलं. नऊ. ग म भ न, र स ख, आणि क व. अ आ इ ई अशी वर्णमाला न घेता तिनं वळणानं जवळची अक्षरं घेतली होती, आणि नऊ अक्षरांत मुलं 'गवस', 'नख', 'सरक' असे शब्द वाचत होती. तिनं मुलांची पानंही दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, लमाणी मुलीच्या पानावर जास्त वेळ थांबले. लॉग बुकात शेरा मात्र 'वाचनाचा वेग वाढवावा' असाच पडला.

तो शेरा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. 'निपुण भारत' अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६० शब्द वाचता यावेत अशी अपेक्षा आहे. तिच्या दुसरीत त्या वेळी तिघांतलं एकच मूल त्याच्या आसपास होतं. घरची भाषा वेगळी हे कारण एका वर्षापुरतं चालतं, चौथीत ते कुणी ऐकून घेत नाही. त्या शेऱ्यानंतर तिनं दुसरीच्या तिन्ही मुलांची रोज पाच मिनिटं मोठ्यानं वाचनाची वेळ बांधली, एकेकट्यानं, सोप्यात खुर्ची टाकून. ती पाच मिनिटं पहिलीच्या हिरव्या पट्टीतून आली, आणि हिरवी पट्टी जून महिन्यात बसली नसती तर ती मिळाली नसती.

पालक

पहिली पालकसभा सपशेल फसली. सकाळी अकराची वेळ, तेरा मुलांचे तीन पालक, तेही गावातले. कारखान्यातली आणि ठेक्यावरची माणसं अकराला कशी येणार? दुसरी सभा तिनं रविवारी संध्याकाळी, त्यांच्या खोल्यांच्या ओळीपुढच्या अंगणात घेतली. सात जण आले. सभा कसली, गप्पाच. तिथं लमाणी मुलीच्या बापानं सांगितलं की मोठा मुलगा घरी बहिणीला शाळा-शाळा खेळून शिकवतो आणि टाळ म्हणून वाटीवर चमचा आपटतो.

चवथीपर्यंत

त्या वर्षी चवथ ऑगस्टच्या शेवटी होती. सुट्टीआधीचा आठवडा तिनं माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या रानफळांच्या मंडपीवर, घेतला. चौथीच्या पोरांनी रानातून काय काय आणलं : कांगलां, हरणां, माट्टी, कुड्याच्या शेंगा. वर्गात दोरीवर छोटी माटोळी बांधली, प्रत्येक फळाखाली चिठ्ठी. तेरांतली नऊ मुलं ती स्वतः वाचू शकली. गावातली पोरं या आठवड्यात शिक्षक झाली होती, नावं बाईलाही सगळी येत नव्हती. उत्तर प्रदेशातल्या मुलानं घरी जाऊन तशीच दोरी बांधली आणि तिच्यावर भेंडी, कांदे लटकवले.

लमाणी मुलगी तोवर सोळा शब्द वाचत होती आणि बोलण्यात कुणाला हार जात नव्हती. सुट्टीत कुटुंब गावी गेलं. ठेका संपला की नाही, परत येणार की नाही, हे बापालाही ठाऊक नव्हतं. नव्या बाईनं तिच्या पानाची एक प्रत काढून आईजवळ दिली. कोणती अक्षरं येतात, कोणती नाहीत, घरची भाषा लमाणी. दुसऱ्या कुठल्या शाळेत नाव घालावं लागलं तर तिथल्या बाईला दाखवा, म्हणाली. सुट्टी संपल्यावर दोन आठवड्यांनी दोघं भावंडं परत आली. तो कागद आईनं चार घड्या घालून जपून ठेवला होता, तसाच परत दिला.

परवा ती पुन्हा घरी आली, पुढच्या जूनची वही घेऊन. अंगणवाडीतून पहिलीत तीन मुलं येणार आहेत. या वेळी तिनं ताईंच्या यादीवर विश्वास न ठेवता तिन्ही घरी जाऊन आयांशी बोलून घेतलं आहे. दोघांच्या पानावर कोंकणी. तिसऱ्याच्या पानावर ओडिया.

"बाई, ओडियात पाण्याला काय म्हणतात?"

मला येत नव्हतं. होंड्याच्या बाजारात ओडिया बोलणारं कोण भेटेल, याचा विचार करत आम्ही चहा प्यालो.